भिडेखातर

‘एवढंसुद्धा कळलं नाही का तुला?’ मित्राच्या नावाने आलेल्या संदेशावर विश्वास ठेवून ज्याने पैसे पाठवले, त्याला सगळ्यात आधी हे वाक्य ऐकावे लागते. घरचे म्हणतात, कचेरीतले म्हणतात, बातमी वाचणारी अनोळखी माणसेही मनातल्या मनात म्हणतात. गेली काही वर्षे या फसवणुकींविषयी जे छापून येते ते मी लक्ष घालून वाचत आले आहे, आणि चोरांच्या युक्त्यांपेक्षा मला हे वाक्यच जास्त सलत राहिले आहे. दामदुप्पट योजनेत किंवा लॉटरीच्या आमिषाने माणूस नाडला गेला तर त्यात त्याचा थोडा तरी लोभ होता, असे म्हणायला जागा असते. इथे तीही नाही. आपले कुणीतरी अडचणीत आहे, आपल्या खात्यात चार पैसे आहेत, आत्ता दिले तर त्याची नड भागेल, एवढ्याच विचाराने हातून पैसे सुटतात. ज्या गुणाचे एरवी आपण कौतुक करतो, त्याच गुणापायी माणूस फसला की त्याला मूर्ख ठरवतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. आणि प्रश्न नुसत्या अन्यायाचाही नाही. माझे म्हणणे असे की ही फसवणूक फोनविषयीच्या अज्ञानावर कमी आणि आपल्या वागण्यातल्या दोन जुन्या गोष्टींवर, भिडेवर आणि लाजेवर, जास्त चालते. भीड पैसे जाण्याआधी विचारू देत नाही. लाज पैसे गेल्यावर बोलू देत नाही. ‘एवढंसुद्धा कळलं नाही का’ हे वाक्य दोन्हींना बळ देते, म्हणून ते चोराच्या कामाचे आहे.

पद्धती आता बहुतेकांच्या कानावर आहेत, तेव्हा थोडक्यात सांगते. सर्वांत सोपी म्हणजे नक्कल. फेसबुकवरचा तुमचा फोटो उतरवून घ्यायचा, त्याच नावाने दुसरे खाते उघडायचे, तुमची मित्रयादी सगळ्यांना दिसत असेल तर त्यातल्या प्रत्येकाला मैत्रीची विनंती धाडायची आणि दोन दिवसांनी ‘जीपे आहे का?’ असे विचारायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच ‘माझा नंबर बदललाय, हा सेव्ह कर’ इथून सुरू होते. याच जातीचा आणखी एक निरोप ओळखीच्या अधिकाऱ्याच्या नावाने येतो: सीआरपीएफमधल्या माझ्या मित्राची बदली झाली आहे, त्याचे घरातले सामान अगदी स्वस्तात जाते आहे, तो तुला फोन करील. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण त्यात नक्कल नसते, खरे खातेच हातचे जाते. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना आपल्या नंबरवर सहा आकडी कोड येतो. चोर आधीच ताब्यात घेतलेल्या एखाद्या मित्राच्या खात्यावरून लिहितो, ‘माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, जरा पाठव ना.’ पाठवला की आपले खाते त्याचे, आणि मग आपल्या नावाने तो आपल्या मित्रांकडे तेच मागतो. कुरिअरचे निमित्त काढून ‘*४०१*’ने सुरू होणारे आकडे दाबायला लावणे ही त्याचीच दुसरी वाट: आपले फोन चोराच्या नंबरवर वळतात, आणि कोड फोनवर ऐकण्याची सोय असल्यामुळे तो त्याच्याच कानी पडतो. हा धोका ओळखून दूरसंचार विभागाने असे आकडे दाबून फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला लावली. मग लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणाऱ्या, फाइली येऊ लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे अशा पत्रिकेपायी १ लाख ९० हजार रुपये गेल्याची बातमी होती.

खरे खाते चोराच्या हाती गेल्यावर समोरच्याला नेमके काय दिसते, याचा विचार ‘कळलं नाही का’ म्हणणाऱ्यांनी क्वचितच केलेला असतो. तो संदेश जुन्या संभाषणाच्या खाली येऊन बसतो. वर गणपतीच्या आरासीचा फोटो असतो, मुलीच्या दहावीच्या निकालाबद्दलचे अभिनंदन असते, वडील गेले तेव्हा लिहिलेल्या दोन ओळी असतात, गेल्या दिवाळीच्या शुभेच्छा असतात. त्याच्या खाली येते, ‘एक काम होतं रे.’ नाव तेच, फोटो तोच, नंबर तोच. माणूस ओळखायला आपण ज्या ज्या गोष्टींवर विसंबतो त्या सगळ्या तिथे हजर असतात. त्या चोराने आणलेल्या नसतात, आपल्याच फोनने जपून ठेवलेल्या असतात. खोट्या नोटेचा कागद तरी हाताला वेगळा लागतो. इथे कागद खरा, शिक्का खरा, फक्त लिहिणारा हात दुसरा. कोणी म्हणेल, भाषेवरून ओळखू येईल. पण फोनवर आपण सगळेच अर्धे मराठी, अर्धे हिंदी, निम्मे शब्द गाळून लिहितो. ‘अर्जंट आहे, २० पाठव, सकाळी देतो’ एवढ्या वाक्यातून कोणाची लिहिण्याची ढब ओळखायची? रक्कमही बेताची असते, दहा हजार, वीस हजार, पंचवीस हजार. घरात न विचारता देता येईल आणि नाही म्हणताना संकोच वाटेल, अशा हिशेबाने ती मागितलेली असते. कारण तपासून बघता येऊ नये असे असते. ट्रान्झॅक्शन फेल होते आहे, आजची लिमिट संपली, हॉस्पिटलचे बिल भरायचे आहे. यातले प्रत्येक कारण आपल्यापैकी कुणी ना कुणी कधीतरी खरोखर सांगितलेले असते.

एक फोन केला असता तर सगळे उघडे पडले असते, हे खरे आहे. पण तो एक फोन होत का नाही, या प्रश्नापाशी मला थांबावेसे वाटते, कारण सगळे तिथेच अडते. समोरच्याचे मन दुखावेल म्हणून हक्काचा प्रश्नही गिळून टाकायची सवय म्हणजे भीड. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपण म्हणतो आणि म्हणूनही ती सांभाळतो. पैसे उसने मागणे आपल्याकडे लाजिरवाणे मानतात. माणसाने तोंडाने न मागता लिहून मागितले की आपल्या मनात येते, याला किती जड गेले असेल! अशा वेळी फोन लावून ‘तूच आहेस ना?’ विचारणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते. ज्याने आपल्या पडत्या काळात मदत केलेली असते, त्याला तर प्रश्न विचारण्याची कल्पनाही सोसत नाही. त्याच्या उपकाराची फेड करायची घाई झालेली असते. चोर हे जाणून असतो. ‘मीटिंगमध्ये आहे, बोलता येणार नाही’ हे तो आपला आवाज लपवायला तर लिहितोच, पण त्यातून आपल्या भिडेलाही एक कारण मिळते. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पडद्यावर येते. मित्राचे नाव एक आणि तिथले भलतेच, हे डोळ्यांनी दिसते. चोर लिहितो, ‘मेहुण्याचा नंबर आहे’, आणि भीड तेही मानून घेते. म्हणजे माहिती समोर होती. मनाने विचारायची परवानगी दिली नाही. म्हणूनच नुसत्या ‘सावध राहा’ने ही गाठ सुटेल असे मला वाटत नाही. अशा सूचनेतून माहिती मिळते, परवानगी मिळत नाही.

शिकलेसवरलेले फसत नाहीत, हा समजही सोडायला हवा. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपले वित्तप्रमुख आणि सहकारी डोळ्यांनी पाहिले आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतली ती माणसे संगणकाने घडवलेली होती. आपल्या जवळचे उदाहरण जुलै २०२३ मधले, कोझिकोडचे. कोल इंडियातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, मग व्हिडिओ कॉल आला. चेहरा त्या सहकाऱ्याचाच होता. मुंबईत नात्यातल्या बाईची शस्त्रक्रिया आहे, ४० हजार हवेत. त्यांनी दिले. पुन्हा ३५ हजार मागितले तेव्हा त्यांना शंका आली आणि त्यांनी मित्राच्या जुन्या नंबरवर फोन केला. पोलिसांनी पैशाचा माग काढला तो महाराष्ट्रातल्या एका बँकखात्यापर्यंत पोहोचला. आपला इतिहासही हेच सांगतो. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले, आणि पुढे त्यांचा एक तोतया निघाला. रत्नागिरीचा सुभेदार त्याला मिळाला, कोकणात त्याने मोठे बंड उभारले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत पुणे दरबाराला त्याने घोर लावला. त्याच्यामागे गेलेली माणसे खुळी होती असे मला वाटत नाही. भाऊ परत यावेत असे कितीतरी जणांना मनापासून वाटत होते, आणि तोतया त्या वाटण्यावर उभा राहिला.

‘निदान आवाज ऐका’ हा सल्ला कालपर्यंत पुरत होता, आता आवाजाचीही नक्कल होते. पण ही गोष्ट तशी नवी नाही. मारीच रामाचा बाण लागून पडतो आणि मरतामरता रामाच्या आवाजात ‘हा सीते, हा लक्ष्मणा’ अशी हाक देतो. लक्ष्मणाला ती हाक खरी वाटत नाही. तो तसे स्पष्ट सांगतो. सीता ऐकत नाही. तुझ्या मनातच पाप आहे, असे त्याला बोलते, आणि तो आरोप न सोसून तो निघून जातो. इथे शंका घेणारा हजर होता आणि त्याची शंका बरोबरही होती. ती टिकली नाही, कारण शंका घेणे म्हणजे माया कमी असणे, असा तिचा अर्थ लावला गेला. आपल्या घराघरांत आजही हेच होते. नवरा म्हणतो, ‘आधी फोन तर कर.’ बायको म्हणते, ‘तुम्हाला माझ्या माहेरच्यांवर कधी विश्वासच नसतो.’ किंवा उलट. पण याच कथेत पुढे अशोकवनातला प्रसंग येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सीता तीच आहे. आता एकदा आवाजाने आणि एकदा भिक्षेकऱ्याच्या वेषाने फसलेली. हनुमान रामाचे नाव घेत पुढे येतो तेव्हा तिला वाटते, हा रावणच रूप पालटून आला असेल. ती त्याला रामलक्ष्मणांची लक्षणे विचारते. तो सांगतो, मग रामाची अंगठी तिच्या हाती देतो. परतताना तीही आपला चूडामणी देते, म्हणजे तिकडेही खात्री पटावी. शंकेचा हनुमानाला राग येत नाही. रामाने अंगठी बरोबर दिली ती कशासाठी? तिने खूण मागावी हे त्याने आधीच गृहीत धरले होते.

खूण हा शब्द आपल्याकडे होताच, फक्त पैशाच्या व्यवहारात तो विसरला गेला. घरातल्या माणसांनी आणि पाचसहा जवळच्या मित्रांनी एक शब्द ठरवून ठेवावा, तो कुठे लिहू नये, आणि पैशाची गोष्ट निघाली की तो विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. शब्द ठरला नसेल तर दोघांनाच ठाऊक असेल असे काही विचारावे. वाढदिवस, गाव, शाळा, मुलांची नावे नकोत. ती सगळी फेसबुकवर पडलेली असतात. व्हिडिओवर चेहरा दिसला म्हणून खात्री झाली असे समजू नये. फोन जुन्या, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करावा, संदेशात आलेल्या नंबरवर नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून न करता साधा करावा, कारण व्हॉट्सअ‍ॅपचे खातेच गेले असेल तर त्यावरचा फोनही चोराकडेच जाईल. आपले खाते सांभाळायला व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावता येतो. तो लावलेला असेल तर नुसता कोड मिळून चोराचे काम होत नाही. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून आपले खाते आणखी कुठे चालू आहे का, हे अधूनमधून बघावे. फेसबुकवरची मित्रयादी झाकून ठेवावी. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांच्या कानावर पुन्हा पुन्हा घालावे. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि आईवडिलांच्या फोनवर ते मुलांनी शेजारी बसून, न चिडता करून द्यायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. मित्राने मदत मागावी आणि आपण त्याला कोडी घालावीत, मग मैत्री उरली कुठे? न विचारता देणे हेच तर मैत्रीचे मोल. माझे उत्तर असे की ही जबाबदारी आपण चुकीच्या माणसावर टाकतो आहोत. खात्री पटवणे हे देणाऱ्याचे काम नाही, मागणाऱ्याचे आहे. मला पैसे हवे असतील तर मी लिहिण्याआधी फोन करावा, स्वतःहून खूण सांगावी, आणि त्याने उलट चार प्रश्न विचारले तर ‘विचारलंस ते बरं केलंस’ असे म्हणावे. हे वाक्य तोंडात बसायला हवे. पूर्वी दुसऱ्या गावाहून कुणी पैसे मागायचा तर ओळखीच्या माणसाच्या हाती चिठ्ठी यायची, चिठ्ठीवरचे अक्षर पाहिले जायचे, आणणाऱ्याला चहा देता देता घरची विचारपूस व्हायची. त्या विचारपुशीतच पडताळणी होऊन जायची आणि कुणाला टोचायची नाही. फोनने मधला चहा काढून टाकला, आणि त्याबरोबर पडताळणीही गेली. ती परत आणणे म्हणजे मैत्रीवर अविश्वास दाखवणे आहे, हे मला पटत नाही. ज्याचे नाव वापरले गेले, त्याच्या नावाची अब्रू राखण्यासाठीही ती हवी.

आता लाजेविषयी, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथे होते. पैसे गेल्यावर करायची गोष्ट एकच आहे, १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन. आधी १५५२६० होता, तोच पुढे बदलून १९३० झाला. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत उतरले तिला कळवले जाते आणि त्या खात्यात जेवढी रक्कम उरली असेल तेवढी अडवता येते. उरली असेल तेवढीच. पैसे एका खात्यात थांबत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात पळतात आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात. त्यामुळे इथे मिनिटांना किंमत आहे. आणि नेमकी ती मिनिटे फसलेला माणूस कशात घालवतो? आधी आपणच आपल्याला समजावण्यात, की सकाळी देईल. मग घरात सांगावे की नाही या विचारात. मग रात्रभर तळमळण्यात. कारण त्याला पक्के ठाऊक असते, की तोंड उघडले की पहिले वाक्य कोणते येणार आहे. बाईमाणूस असेल तर तिच्या हातातला फोनच काढून घेतला जाईल, म्हातारा माणूस असेल तर त्याच्या खात्याचा कारभार मुलगा आपल्याकडे घेईल, ही भीती वेगळीच. आपले टोमणे चोराला वेळ मिळवून देतात, असे मी म्हणते ते याच अर्थाने. गृहमंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले. हा आकडा सर्व प्रकारच्या फसवणुकींचा आहे, नुसत्या मित्राच्या सोंगाचा नाही, आणि तक्रार करणारे वाढले म्हणूनही तो थोडा फुगलेला असेल. तरी तो फक्त सांगितल्या गेलेल्या नुकसानीचा आहे. पंधरा हजार गेले आणि लाजेपायी जे कुठेच बोलले नाहीत, ते यात नाहीत.

लाजेला कायद्याचीही साथ आहे, आणि हे मला सर्वांत जास्त खटकते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला एक चांगले संरक्षण दिले. आपली आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि आपण तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर आपल्यावर शून्य भार. पण हे संरक्षण अनधिकृत व्यवहाराला आहे. मित्र समजून ज्याने स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, त्याचा व्यवहार कागदोपत्री अधिकृत ठरतो. चोराने दार फोडले तर चोरी. चोराने भावाचा आवाज काढला आणि तुम्ही दार उघडले तर तुमची मर्जी! ब्रिटनने हा भेद मोडून काढला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे असा नियम आहे की माणसाला फसवून त्याच्याच हाताने पैसे पाठवायला लावले असतील तरी ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई त्याला मिळावी, आणि तिचा भार पाठवणारी बँक आणि जिच्यात पैसे उतरले ती बँक या दोघींनी निम्मा निम्मा उचलावा. यातला दुसरा निम्मा मला फार मोलाचा वाटतो. कारण या सगळ्या व्यवहारात चोराला टाळता न येणारी एकच गोष्ट असते, पैसे उतरवून घ्यायचे खाते. ते कुणाच्या तरी नावाने, कुणीतरी कागद तपासून उघडलेले असते. गरजू पोराला चार पैसे देऊन त्याचे खाते भाड्याने घेतले जाते आणि ज्या खात्यात वर्षभर हजाराच्या वर रक्कम आली नाही तिथे एका संध्याकाळी अनोळखी लोकांचे लाखभर रुपये येऊन निघून जातात. हे ओळखणे बँकेला शक्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली त्याचसाठी तयार केली. वीस हजार पाठवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला चोर ओळखता आला नाही म्हणून आपण त्याला हसतो. ज्या संस्थेने चोराला खाते दिले तिला मात्र कुणी ‘एवढंसुद्धा कळलं नाही का’ असे विचारत नाही.

भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, असे यावर म्हणतात. ब्रिटनने त्याचीही सोय केली आहे. घोर हलगर्जी असेल तर भरपाई नाकारता येते, आणि पहिल्या १०० पौंडांपर्यंतचा भार ग्राहकावर ठेवण्याची मुभा बँकेला आहे. पण मुळात हा आक्षेप बेफिकिरीमुळेच लोक फसतात असे धरून चालतो, आणि ते खरे नाही, हेच मी इतका वेळ सांगते आहे. अर्थात इथे मला माझ्याशीच भांडावे लागते. कोडच्या बाबतीत माझा सूर इतका मऊ राहत नाही. तो कोड ज्या संदेशात येतो त्यातच तो कुणालाही देऊ नका असे लिहिलेले असते. तरीही तो वाचून दाखवला जातो, आणि त्याची किंमत स्वतःला नाही, दुसऱ्या पन्नास जणांना मोजावी लागते. मग ‘माझे अकाउंट हॅक झाले आहे, कुणीही पैसे देऊ नका’ असे स्टेटस ठेवून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. मित्रांचे बुडालेले पैसे अशा माणसाने भरून द्यावेत असे मी म्हणणार नाही. तो कर्जदार नाही. पण पुन्हा व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून स्वतःच्या नंबरवर आलेला कोड टाकला की चोर बाहेर फेकला जातो, एवढे त्याने त्याच घटकेला करावे. चोराने मध्येच पिन बसवला असेल तर स्वतःला सात दिवस थांबावे लागते, तरी चोर निघालेला असतो. आणि तेवढ्या वेळात एकेकाला साधा फोन करून सांगावे. म्हणजे मीही शेवटी दोष देतेच आहे. निदान तो पैसे गमावलेल्या माणसाला देत नाही, एवढेच.

एक गोष्ट मात्र मला सोडवता आलेली नाही. रात्री अडीच वाजता परगावच्या हॉस्पिटलमध्ये एखादा खरोखर उभा असेल. अपघातात त्याचा फोन फुटला आहे, वॉर्डबॉयचा फोन मागून घेतला आहे, पाठ असलेला एकच नंबर आहे, आणि पैसे भरायचे खाते तिसऱ्याच कुणाचे आहे. अनोळखी नंबर, अवेळ, घाई, खात्यावर भलते नाव, भरून आलेला न ओळखू येणारा आवाज. फसवणुकीची म्हणून जी जी लक्षणे मी वर लिहिली, ती सगळी त्याच्यात आहेत. ठरवलेला शब्द त्याला त्या क्षणी आठवेलच असे नाही. रडणाऱ्या माणसाला खूण कशी विचारायची, आणि त्याला ती सांगता आली नाही तर फोन ठेवायचा कसा? सीता लक्ष्मणाला जे बोलली ते चूक, असे मी इतक्या सहज लिहून गेले. पण तिला कुठे ठाऊक होते? ती हाक रामाचीच असती, तर पर्णकुटीच्या दाराशी ठाम उभ्या राहिलेल्या लक्ष्मणाला आपण काय म्हटले असते?